अर्धा सेकंद आधी, अर्धा सेकंद नंतर

माझ्या बायकोच्या आवाजात 'युकॅलेगॉन' हा शब्द तुम्हाला आजही ऐकता येईल. ज्याच्या घराला आग लागली आहे असा शेजारी, हा त्याचा अर्थ. एवढ्याशा कामासाठी इंग्रजीने आख्खा शब्द बाळगून ठेवलाय आणि वापरत मात्र कुणी नाही. आग लागली की तिकडचे लोकही 'आग आग' असंच ओरडत असणार. 'बोर्बोरिग्मस'ही ऐकता येईल, म्हणजे पोटात गुडगुडणे. 'न्यूडियस्टर्शियन' म्हणजे परवाचा. आपल्याकडे 'परवा' शेंबडं पोरही म्हणतं, आणि यांना त्यासाठी जीभ चार वेळा दुमडावी लागते. असे अकरा हजार शब्द ती बोलली आहे, दुर्मिळ इंग्रजी शब्दांच्या एका कोशासाठी. शब्दावर बोट ठेवलं की ती तो उच्चारून दाखवते, स्वच्छ, ठसठशीत, शाळेतल्या बाईंसारखा.

'पाणी' मात्र तिला म्हणता येत नाही. सात महिन्यांपूर्वी तिचं स्वरयंत्र काढून टाकलं. गाठ खूप पसरली होती, आवाज वाचवण्याची वेळ निघून गेली होती, असं सर्जन म्हणाले. आता ती गळ्याला ठेवलेल्या भोकातून श्वास घेते, त्यावर सुती रुमाल बांधते, आणि मला बोलवायचं असलं की चमच्याने पेल्यावर दोनदा वाजवते. बाकीचं सगळं एका पांढऱ्या पाटीवर लिहिते. तिचं अक्षर सुंदर आहे, पण पाटी लहान आहे, त्यामुळे आमची भांडणंसुद्धा आता तीन ओळींत आटोपतात.

मी तिचा नवरा. आणि त्याच कोशाच्या कचेरीत तिचा आवाज कापणारा माणूस. हुद्दा 'ध्वनिसंपादक' असा होता, पण सगळे मला 'कात्री' म्हणत. निवृत्त होऊन वर्ष झालं.

तिला बोलायला शिकवायला दर मंगळवारी एक बाई घरी येतात. त्यांच्या धंद्याला लांबलचक इंग्रजी नाव आहे, मी त्यांना वाचाबाई म्हणतो. महिन्याभरापूर्वी त्यांनी एक बोलकं यंत्र आणलं. पाटीएवढंच, त्यावर लिहिलं की ते मोठ्याने वाचून दाखवतं. बायकोने लिहिलं, 'चहा टाकू का?' यंत्रातून कुणीतरी तरुण बाई, विमानतळावर सूचना द्यावी तशी बोलली, "चहा टाकू का?" माझ्या अंगावर काटाच आला. बायकोने यंत्र पालथं घातलं आणि पाटीवर लिहिलं, 'ही बाई माझ्या घरात बोलणार? नको.'

"अहो, तुमचा स्वतःचा आवाज बसवता येतो त्यात," वाचाबाई म्हणाल्या. "जुनं रेकॉर्डिंग हवं फक्त. सलग बोललेलं, मराठीत, अर्धा तास तरी. पुढच्या शुक्रवारी कंपनीचा माणूस येणार आहे. नमुना असेल तर तो बसवेल, नाहीतर ही जी बाई आहे तीच कायमची."

बायको इतका वेळ खिडकीकडे बघत होती. हे ऐकल्यावर ती वळली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. सात महिन्यांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. औषधं मागितली, उशी मागितली, पण असं काही नाही. मी छाती पुढे काढून म्हटलं, "अर्धा तास काय घेऊन बसलात? तीस वर्षं आवाज भरलाय हिचा मी. हातच्या कांकणाला आरसा कशाला!"

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती दूर असते. तिलाही तेच वाटलं. "बाबा, तुमच्याकडे तर आईचे अकरा हजार शब्द आहेत. तुम्हाला काय कमी?"

कमी काय होतं ते मला त्याच रात्री जेवणानंतर कळलं. मी कॉम्प्युटर लावून बसलो आणि बायकोचे शब्द एकामागून एक लावले. प्रत्येक शब्दाआधी अर्धा सेकंद शांतता, शब्द, मग अर्धा सेकंद शांतता. पुन्हा शब्द, पुन्हा शांतता. अकरा हजार वेळा. दोन शब्दांच्या मध्ये ती हसली असेल, चुकली असेल, "थांबा हं, परत घेते" म्हणाली असेल, कपाटावर हात आपटून "अगं आई गं" म्हणाली असेल. त्यातलं काही म्हणजे काही शिल्लक नव्हतं. मी ठेवलंच नव्हतं. माझ्या फाइलींमध्ये एक श्वाससुद्धा सापडणार नाही, असं मी नव्या लोकांना अभिमानाने सांगायचो.

घरचे व्हिडिओ शोधले. लग्नाच्या कॅसेटमध्ये ती आहे, पण वर बँड वाजतोय. मुलीच्या लहानपणीच्या चित्रफितींत कॅमेरा तिच्याच हातात, त्यामुळे दिसते मुलगी, आणि ऐकू येतं ते "इकडे बघ, इकडे बघ". ते सगळं मिळून चाळीस सेकंद भरलं. दिवसभर माइकसमोर बसणारी माणसं घरी आल्यावर कशाला आवाज भरून ठेवतील?

आता इथे मला आमच्या एका सवयीबद्दल सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमची ओळख काचेच्या दोन बाजूंना झाली. ती आत बसून शाळेच्या इंग्रजी धड्यांच्या टेपा वाचायची, मी बाहेर भरून घ्यायचो आणि नंतर एकटा बसून पातं घेऊन टेप कापायचो. एकदा असाच कापत असताना तिसरा धडा संपला आणि कानात तिचा आवाज आला, "काचेतून नुसतं बघत बसण्यापेक्षा घरी येऊन विचारा. धडा चौथा." मी हेडफोन काढले, खोलीत कुणी ऐकलं तर नाही ना ते पाहिलं, आणि तो तुकडा कापून खिशात घातला. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेलो.

तेव्हापासून हा आमचा शिरस्ताच पडला. तोंडावर सांगायला जड जाईल ते ती टेपवर सांगायची, कारण कापताना मी एकटा असायचो आणि मला सगळं ऐकावंच लागायचं. "सकाळी मी जास्त बोलले. पुढचं पान." "आपल्याकडे पाहुणा येणार आहे. धडा नववा." घरी आलो की मी एका शब्दात उत्तर द्यायचो, आणि मग त्या विषयावर चर्चा नाही. उत्तर दिलं नाही, तर ते 'नको' असं ती धरायची. एकदा तिने शिवणयंत्राचं विचारलं होतं. मी गप्प राहिलो, आणि तिने तो विषय आयुष्यात पुन्हा काढला नाही. लोक ताकाला जाऊन भांडं लपवतात, आम्ही तीस वर्षं संसार असा केला. मला तो फार शहाणपणाचा वाटायचा, कारण त्यात आवाज चढत नाही.

मग दुर्मिळ शब्दांचा कोश आला. शब्द अकरा हजार, माणसं दोन. फक्त उच्चार भरायचे होते, पण अर्थ वाचल्याशिवाय ती एकही शब्द बोलत नसे. "गुडगुड आहे हे माहीत नसेल तर मी ते गुडगुडल्यासारखं कशी म्हणू?" असं संपादकांना सुनवायची. संपादकांना आम्ही 'टाचणी' म्हणायचो, कारण शब्दांच्या चिठ्ठ्या टोचायला त्यांच्या ओठांत कायम दोन टाचण्या धरलेल्या असत, आणि बोलायचेही तसंच, टोचून. टेपा गेल्या होत्या, कॉम्प्युटर आला होता. त्यात आवाज दिसतो. शब्द म्हणजे एक उंचवटा, शांतता म्हणजे सरळ रेघ. शब्द दोनदा म्हटला की सारखे दोन उंचवटे. बाकी जे वेडंवाकडं दिसेल तो कचरा. पहिले काही महिने मी कानाने कापलं. मग टाचणी दर सोमवारी विचारू लागले, किती झाले, किती राहिले. आणि माझ्या एके दिवशी लक्षात आलं की ऐकायची गरजच नाही. शितावरून भाताची परीक्षा. नुसतं बघायचं, सारखे दोन उंचवटे ठेवायचे आणि बाकीचं उडवायचं. महिन्याला साठ शब्द व्हायचे ते तीनशे होऊ लागले. हेडफोन मी खुंटीला अडकवून ठेवले. आणि दर शनिवारी, जागा अडते म्हणून, मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकायचो.

तिचे निरोप बंद झाले असं मी धरून चाललो. वय झालं, मुलगी मोठी झाली, आता काय नवीन सांगायचं राहिलंय! घरातही ती कमी बोलू लागली होती. खरं सांगतो, मला बरंच वाटलं होतं.

बुधवारी सकाळी दाढी करताना आरशात डोळा दिसला आणि एकदम आठवलं. सव्वादोन वर्षांपूर्वी माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा बारा दिवस माझ्या जागी बदलीचा माणूस होता. त्याला फक्त भरून घ्यायला सांगितलं होतं, कापणं माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. भित्रा गडी होता, प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत करून ठेवायचा. मी परत आल्यावर बारा दिवसांचं काम दोन दिवसांत कापून मोकळा झालो, नव्या डोळ्याने तर रेघ न् रेघ दिसत होती. टाचणींनी तेव्हा सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती. मूळ फाइली मी पुसल्या. पण त्याची ती दुसरी प्रत?

तोंडाला साबण तसाच ठेवून मी टाचणींना फोन केला.

कचेरीत पाऊल टाकलं तर आमच्या खोलीत खोकी रचलेली होती. काचेपलीकडे तिच्या खुर्चीवर कुणीतरी बिघडलेला पंखा ठेवला होता. हल्ली नवे शब्द यंत्रच बोलतं, माणूस लागत नाही.

"बघवणार नाही तुम्हाला," टाचणी म्हणाले. आज त्यांच्या ओठांत टाचण्या नव्हत्या. "वहिनी कशा आहेत?"

"आहे."

"त्यांचे शब्द कोशात तसेच आहेत हं. कुणाला हात लावू दिलेला नाही मी."

"त्या शब्दांचं काय करू?" मी जरा तडकलोच. "मला बाकीचं हवंय. शब्दांच्या मधलं."

उचलली जीभ लावली टाळ्याला अशी माझी सवय टाचणींना ठाऊक आहे. त्यांनी स्वतः खाली बसून कपाटाच्या तळातून तीन जुन्या डिस्का काढल्या. दुसरीवर ते सापडलं. फोल्डरला नाव होतं 'बदली', आत बारा फाइली, एकेक चार-पाच तासांची. टाचणींनी खुंटीवरचे माझे हेडफोन काढून पुसून दिले आणि दार लोटून बाहेर गेले.

पहिल्या फाइलीच्या पहिल्याच मिनिटाला ती बोलली. "दादा, पंखा बंद करा, तो यांना चालत नाही. यांना माशीचा आवाजही चालत नाही." आणि हसली. मी टेबल धरून बसलो. सात महिन्यांत मी तो आवाज विसरायला लागलो होतो, हे मला तेव्हा समजलं. मला वाटत होतं कोशातला आवाज म्हणजेच तिचा. हा वेगळाच होता. जरा घोगरा, घाईचा, वाक्य संपता संपता वर जाणारा.

मी खुणा करत गेलो. आता उंचवट्यांकडे बघायची रीत उलटी झाली होती. सारखे दोन दिसले की पुढे, वेडंवाकडं दिसलं की थांबायचं आणि ऐकायचं. ती त्या बदलीच्या दादाशी बोलत होती, स्वतःशी बोलत होती, शब्दांशी भांडत होती. "लॅटिब्युलेट, कोपऱ्यात लपून बसणे. म्हणजे आमच्या घरी पाहुणे आले की हे." अकरा मिनिटं झाली. सतरा झाली. आणि मधूनमधून ती माझ्याशी बोलत होती. "अहो, आज डोळ्यात थेंब घालताना तुम्ही लहान मुलासारखे ओरडलात. मी कुणाला सांगणार नाही. पुढचा शब्द." "मुलीचा फोन आला होता, रडत होती, तुम्ही करा उद्या." मला आठवलं, मी केला नव्हता. तिने निरोप बंद केले नव्हते. रोज ठेवत होती. आणि मी रोज, तीनशेच्या वेगाने, ते उडवत होतो.

आणखी एक गोष्ट होती ती सांगितली पाहिजे. दर चार-पाच शब्दांनंतर एक बुटका, दातेरी उंचवटा येत होता. मला तो चांगला ओळखीचा होता. त्याला मी मनातल्या मनात 'झुडूप' म्हणायचो आणि सगळ्यात आधी काढायचो. आता ऐकलं तेव्हा तो खोकला निघाला. कोरडा, आतून खरवडल्यासारखा. पहिल्या फाइलीपासून बाराव्यापर्यंत तो होता. त्याआधीही काही महिने असणार, कारण झुडपं मी कापतच होतो.

नवव्या फाइलीत एकतीस मिनिटं भरली. नमुना पुरा झाला होता. मी तिथेच उठायला हवं होतं. पण दहावी फाइल लावली. तिच्यात ती म्हणाली, "लिपिट्यूड. लिपिट्यूड. डोळे चिपडणे. हा तुमच्यासाठी खास." मग दादाला म्हणाली, "तुम्ही चहा घेऊन या जा, हे चालू राहू दे." दार वाजलं. मग खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला, आणि ती अगदी माइकजवळून बोलली.

"अहो, तुमच्या डोळ्याचं चाललंय म्हणून घरी विषय काढत नाही. माझ्या घशाचं काहीतरी आहे. तीन महिने झाले. गिळताना टोचतं, आणि काल थुंकीत जरा लाल दिसलं. याआधी दोनदा सांगितलं मी तुम्हाला, तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणजे तुम्हाला साधंच वाटत असेल. मला भीती वाटते हो. आईचं दुखणं आठवतं. एकटीने डॉक्टरकडे जायचा धीर होत नाही. तुम्हाला वाटलं दाखवावं, तर संध्याकाळी नुसतं 'जाऊन ये' म्हणा. नाही वाटलं तर काही बोलू नका. मी समजेन."

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. त्यापुढे मला ऐकवेना. बाहेर टाचणी कुणाशी तरी कागदाच्या जाडीबद्दल बोलत होते.

ती फाइल मी पूर्वी पाहिलेली आहे. हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. हा लांबलचक वेडावाकडा पट्टा माझ्या पडद्यावरून गेलेला आहे. मी बहुतेक वैतागलो असेन की किती बडबडते ही, आणि एका फटक्यात उडवला असेन. संध्याकाळी घरी गेलो असेन, चहा प्यालो असेन, आणि ती समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत असेल. आणि मी काही बोललो नाही. तिने ते 'नको' धरलं आणि आणखी दीड वर्ष काढलं, अन्न गिळता येईनासं होईपर्यंत. मग मुलगी आली आणि तिला ओढून डॉक्टरकडे घेऊन गेली. मी तिला म्हटलंसुद्धा होतं, "अगोदर का नाही सांगितलंस?" ती माझ्याकडे नुसती बघत राहिली होती. तेव्हा तिला जेमतेम कुजबुजता येत होतं.

नऊ फाइलींतला नमुना घेऊन घरी जाणं सोपं होतं. दहावीचं कुणाला कळलं नसतं. एक कळ दाबायची होती, आणि कळ दाबण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. बराच वेळ मी त्या कळेवर बोट ठेवून बसलो. मी फार सज्जन आहे म्हणून नाही, पण बोट दाबलं जाईना. आयुष्यभर जे लीलया केलं ते त्या दिवशी हाताला जमेना. मी सगळ्या फाइली डिस्कवर घेतल्या आणि निघालो.

घरी ती भाजी निवडत होती. मी कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर मांडला, तिच्या कानांना हेडफोन लावले आणि दहावी फाइल सुरू केली. समोर बसायचं धैर्य नव्हतं, म्हणून बाजूला शेंगा सोलत बसलो. तिने स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा आधी तिचा चेहरा खुलला. हात गळ्याच्या रुमालाकडे गेला. मग तिला आठवलं असावं की ही रेकॉर्डिंगमधली कुठली जागा आहे. तिने थांबवलं, हेडफोन काढले, पाटी ओढली.

'हे मी का ऐकू?' तिने लिहिलं. 'मी सांगितलंय की हे तुम्हाला.'

"मी ऐकलं नव्हतं," मी म्हणालो.

तिला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं, सगळंच सांगितलं. उंचवटे, झुडपं, महिन्याला तीनशे, खुंटीवरचे हेडफोन. सांगताना माझा आवाज चढत गेला, जणू दोष तिचाच आहे. "मी वर्षानुवर्षं काही ऐकलेलंच नाही! मला वाटलं तू बोलायची बंद झालीस!"

तिने पाटी पुसली. मग सावकाश, तिच्या त्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'मला वाटलं ऐकलंत आणि नको म्हणालात. ते मी कधीच सोडून दिलं. ऑपरेशनच्या आधीच.'

पाटी भरली. तिने पुसली आणि लिहिलं, 'हे नवीन आहे.'

मी तिचा हात धरायला गेलो. तिने तो काढून घेतला नाही, पण माझ्या हातात दिलाही नाही. असाच टेबलावर पडून राहिला. थोड्या वेळाने ती उठली, भाजी फोडणीला घातली, आम्ही जेवलो.

दुसऱ्या दिवशी वाचाबाईंचा फोन आला. नमुना मिळाला म्हणून त्यांना कोण आनंद झाला. "पण काका, एक काम आहे. त्यात त्या जे जे बोलल्यात ते सगळं शब्दन् शब्द लिहून द्यावं लागेल. यंत्राला आवाज आणि अक्षर जुळवावं लागतं ना. आणि भावना असलेला भाग जास्त असेल तितकं बरं. आवाज जिवंत येतो."

मी बायकोला सांगितलं. "दहावीतलं वगळतो," म्हटलं. "त्याच्याशिवाय एकतीस मिनिटं होतात."

तिने मान हलवली. नाही. पाटीवर लिहिलं, 'कापू नका.'

म्हणून गुरुवारी दुपारी आम्ही दोघं टेबलाशी बसलो. हेडफोनचं एकेक टोक एकेकाच्या कानात, तरुण पोरं बसतात तसे. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, मी वहीत लिहायचं, तिने तपासायचं. पंख्याचं वाक्य लिहिलं. पाहुण्यांचं लिहिलं, तेव्हा तिच्या खांद्यातलं हसू मला जाणवलं. डोळ्यातल्या थेंबांचं लिहिलं. मुलीच्या फोनचं लिहिताना मी वर पाहिलं नाही. चार वाजता दहाव्या फाइलीशी आलो. मी लिहीत गेलो. 'माझ्या घशाचं काहीतरी आहे.' लिहिलं. 'काल थुंकीत जरा लाल दिसलं.' लिहिलं. 'मला भीती वाटते हो' मधला 'हो' माझ्याकडून राहिला, तर तिने बोट ठेवून दाखवला, तोही लिहिला. 'मी समजेन.' पूर्णविराम दिला.

मला वाटलं आता पुढचा शब्द येईल. पण काही आलं नाही. पडद्यावर सरळ रेघ सरकत होती. फाइल अडकली असावी म्हणून मी हात पुढे केला, तर बायकोने माझं मनगट धरलं. तेव्हा लक्षात आलं की कानात अगदी बारीक आवाज येतोय. ती श्वास घेत होती. बोलून झाल्यावर ती माइकसमोर तशीच बसून राहिली होती. मी तिथे नव्हतो, मी डोळ्याला पट्टी लावून घरी पडलो होतो, हे तिला माहीत होतं, तरीही ती थांबली होती. मला उत्तर द्यायला तिने जागा ठेवली होती.

चार सेकंद झाले, सहा झाले. तिने माझं मनगट सोडलं नव्हतं. मी म्हणायचं काय ते मला ठाऊक होतं, दोनच तर शब्द होते, तिने स्वतःच सांगून ठेवलेले. आठ झाले. नऊ. मी तोंड उघडलं.

"लॉक्सोड्रोम," कोशातला पुढचा शब्द ती कानात म्हणाली, स्वच्छ, ठसठशीत. मग अर्धा सेकंद थांबून पुन्हा, "लॉक्सोड्रोम."